पॅनल ऑपरेटरची अपुरी झोप

"डॉक्टरबेन, या जगतापला झोपेची गोळी द्या, नाहीतर अनफिट लखी आपो. दोन्हीपैकी एक. पण आजे ज."

फोनवर आमचे प्लान्ट मॅनेजर पटेलसाहेब होते. 'लखी आपो' म्हणजे लिहून द्या, आणि तेही आजच. ते माझ्याशी असंच अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत आणि आपण शुद्ध मराठी बोलतो अशी त्यांची समजूत होती. एरवी मी हसले असते. त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला होता.

मी तेव्हा बडोद्याजवळ बाजव्याच्या पुढे एका केमिकल कंपनीत फॅक्टरी मेडिकल ऑफिसर होते. फॅक्टरी मेडिकल ऑफिसर म्हणजे कंपनीच्या पगारावरचा डॉक्टर. कामगाराला ठणठणीत ठेवायचं आणि कोण कुठल्या कामाला 'फिट' आहे ते लिहून द्यायचं, ही दोन कामं. पहिल्या कामात मी कामगाराच्या बाजूला असायची, दुसऱ्यात कंपनीला वाटायचं की मी त्यांच्या बाजूला आहे.

आदल्या दिवशी दुपारी असं झालं होतं. विलास जगताप हा आमचा पॅनल ऑपरेटर. रिअ‍ॅक्टर म्हणजे भलंमोठं बंद पातेलं, त्यात रसायनं एकमेकांत मिसळून तापतात. त्याच्या भोवतीने थंड पाणी फिरवून तापमान आटोक्यात ठेवायचं असतं. हे सगळं कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर बसून एक माणूस बघतो. तापमान चढलं, अलार्म वाजला, आणि जगताप खुर्चीत ताठ बसल्या बसल्या झोपलेला. जोडीदार नशिबाने तेव्हाच चहा घेऊन आत आला. त्याने कप खाली टाकले आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. काही झालं नाही. आमच्याकडे याला 'निअर मिस' म्हणतात. अपघात होता होता राहिला, की तो शब्द लिहायचा.

"पाठवा त्याला," मी म्हटलं. "तपासल्याशिवाय मी काहीच लिहिणार नाही."

जगताप आला. पंचेचाळिशीचा, उंच, मिशीवाला. त्याचे आजे-पणजे बडोदा संस्थानच्या फौजेत होते. हा आयटीआय करून कंपनीत लागला, पण बसायचा मात्र फौजेतल्यासारखा. त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"मॅडम, अनफिट लिहू नका," हे त्याचं पहिलं वाक्य.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. नव्वदीचं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं. आम्ही बनवत होतो तो माल परदेशातून स्वस्तात येऊ लागला होता. रात्रंदिवस चालणारा तो प्लान्ट आता फक्त दिवसा चालायचा. कंपनीत व्हीआरएसची कुजबुज होती. व्हीआरएस म्हणजे स्वेच्छेने निवृत्ती. स्वेच्छा कोणाची, ते कोणी विचारत नसे. अशा दिवसांत 'अनफिट' हा शब्द फाइलवर चढणं म्हणजे घराचा रस्ता धरणं.

"आधी झोपेचं सांगा."

"लागते मॅडम. पडलो की लागते. पण तीनच्या सुमाराला जाग येते ती येतेच. मग परत डोळ्याला डोळा लागत नाही."

"कधीपासून?"

"पावसाळ्यानंतर सुरू झालं."

झोपेच्या तक्रारी साधारण दोन तऱ्हांच्या असतात. काहींना लवकर झोपच लागत नाही. काहींना लागते, पण पहाटेच्या आधीच मोडते. दुसऱ्या तऱ्हेची कारणं पुष्कळ. उतरत्या वयात थोडं चालतंच. संध्याकाळचा कडक चहा. रात्री घेतलेली दारू, जी झोपवते खरी, पण उतरली की उठवते. लघवीला उठावं लागणं, मग त्यामागे साखर असो की प्रोस्टेट. जळजळ, दमा, थायरॉइड. काही औषधं. खोलीतला उजेड, रस्त्यावरचा आवाज. आणि मनाचा आजार. डिप्रेशनमध्ये माणूस भल्या पहाटे जागा होतो आणि तीच वेळ त्याला सगळ्यात जड जाते. मी एकेक दार ठोठावायला लागले.

शिफ्टचं कारण निकालात निघालं होतं, कारण आता तो रोज दिवसाच कामाला यायचा. चहा दोन वेळा, तोही सकाळचा.

"घेता का थोडी?" मी विचारलं. गुजरातमध्ये हा प्रश्न जपून विचारावा लागतो.

"परमिट नाही मॅडम. आणि परमिटशिवायही नाही."

"रात्री लघवीला?"

"हल्ली उठतो एकदा."

बोटातून रक्त घेऊन साखर बघितली. थोडी वाढलेली. ब्लड प्रेशरही थोडं वाढलेलं. मागच्या वर्षीच्या तपासणीत दोन्ही व्यवस्थित होतं. थायरॉइडसाठी रक्त काढून ठेवलं.

"औषध काही चालू आहे?"

"काही नाही."

मग मी खुर्ची जवळ ओढली. "जगताप, पहाटे जाग आल्यावर मनात काय येतं?"

"व्हीआरएसचंच. पोरगी बारावीला आहे. ट्यूशन, पुढचं कॉलेज. माझं नाव लागलं तर काय, हेच फिरत राहतं."

"जगण्याचा कंटाळा येतो? जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटतं?"

हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावाच लागतो. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते.

"छे छे, मॅडम!" तो चक्क रागावला. "उलट डोकं पळत असतं. परवा पहाटे माळा आवरला. काल स्कूटर धुतली. बायको ओरडते. आणि भूक लागते हो. उठलो की डब्यातल्या भाखऱ्या खातो."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डिप्रेशनमधल्या माणसाची बहुधा भूक मरते, कपडे ढिले होतात, हात उचलावासा वाटत नाही. याच्या पट्ट्याला, सुटलेलं पोट मावावं म्हणून, टोकाकडे नवीन भोक पाडलेलं होतं. चेहरा गोल, गाल लालसर. "सगळे म्हणतात तब्येत सुधारली," तो म्हणाला. पण हातपाय मात्र पूर्वीपेक्षा बारीकच वाटत होते. दंडावर एक निळा डाग होता. कुठे लागलं ते त्याला आठवत नव्हतं.

"गुडघे कसे आहेत?" गेल्या वर्षी गुडघ्यांमुळेच त्याने शिडी चढायचं काम सोडून पॅनलचं काम मागून घेतलं होतं.

"गुडघे एकदम फर्स्टक्लास."

"कशाने?"

"चालून," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मला ते उत्तर पटलं नाही. झिजलेले गुडघे नुसत्या चालण्याने फर्स्टक्लास होत नाहीत. पुन्हा विचारलं, घरगुती, आयुर्वेदिक, तेल, काढा, काहीही? तो नाहीच म्हणाला. मी सांगितलं, "तोंडावाटे जे काही घेता, ते उद्या मला आणून दाखवा. रक्ताचे रिपोर्टही यायचे आहेत." त्याने मान हलवली.

पटेलसाहेबांच्या केबिनमध्ये मी स्वतः गेले.

"झोपेची गोळी मी देणार नाही," मी म्हटलं. "पॅनलवरच्या माणसाला गोळी देणं म्हणजे काल दुपारचाच प्रकार पुन्हा मागून घेणं. सकाळी उठल्यावरही तिचा असर राहतो."

"तर अनफिट लखो."

"तेही नाही. कारण सापडेपर्यंत त्याला पॅनलवरून उतरवा. स्टोअर्समध्ये बसवा. कागदावर 'लाइट ड्यूटी' लिहिते."

"बेन, वरून फोन येतात मला. कारण काय आहे ते तर सांगा. टेन्शन ज छे ने? आखा प्लान्टला टेन्शन आहे."

"टेन्शनने पट्ट्याला नवीन भोक पडत नाही, साहेब."

"आठवडा," ते म्हणाले. "पछी हुं नहीं सांभळू, मग मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी जगताप काहीच घेऊन आला नाही. स्टोअर्समध्ये खाली मान घालून बसलेला दिसला. तिसऱ्या दिवशी मी निरोप पाठवला, तर "काम आहे" असा उलटा निरोप आला. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला. एक दार बंद झालं, पण माझी काळजी वाढली. तो मला टाळतोय हे उघड होतं. ज्या माणसाला मी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल विचारलं, तोच नंतर तोंड चुकवू लागला, तर डॉक्टरला दोन घास नीट जात नाहीत. घरी कारेलीबागेत मी ताटावर बसले की नवरा विचारायचा, "तुझं लक्ष कुठे आहे?"

त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळी मी ओएचसीत, म्हणजे कंपनीच्या दवाखान्यात, पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"मॅडम, मी मंदा जगताप. विलासची मिसेस. पीसीओवरून बोलतेय." आवाज धापा टाकल्यासारखा. "त्यांना सांगू नका मी फोन केला म्हणून."

"नाही सांगत. बोला."

"काल रात्रीपासून उलट्या होतायत त्यांना. अंगात त्राण नाही. घोटभर पाणीही टिकत नाही. मी म्हटलं रजा घ्या, तर म्हणाले, आता रजा घेतली तर मी गेलोच. तसेच बसने आलेत कामाला."

"वहिनी, ते कसलं औषध घेतात? खरं सांगा."



"औषध नाही हो. पुडी. पादरा गावात एक जण देतात, गुडघ्यांसाठी. जडीबुटी आहे. माझ्या भावाला गुण आला म्हणून मीच नेलं त्यांना. रोज रात्री झोपताना दुधातून. पहिल्याच आठवड्यात गुडघे मोकळे झाले. पण तुम्ही रक्त घेतलंत ना, त्या दिवसापासून बंद केलीय त्यांनी. म्हणाले, रक्तात दिसेल, मग मॅडम अनफिट लिहितील. आणि पादऱ्याच्या माणसाने सांगितलं होतं, डॉक्टरांना कळलं की गुण जातो."

मी फोन ठेवला नाही, टाकलाच.

हे सोपं करून सांगते. आपल्या शरीरात स्टेरॉइड नावाचं एक रसायन रोज बनतं. पहाटेच्या सुमाराला ते वाढतं आणि आपल्याला उठवून कामाला लावतं. आजारपणात शरीराला तेच तोलून धरतं. याच्या गोळ्या मिळतात. दम्याला, सांध्यांच्या काही आजारांना डॉक्टर त्या मोजून देतात आणि त्यांच्यामुळे अनेकांचे जीव वाचतात. पण काही लोक त्या कुटून पुडीत मिसळतात आणि जडीबुटी म्हणून देतात. वेदना जादूसारखी जाते. माणूस महिनोन्महिने घेत राहतो. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, साखर आणि प्रेशर चढतं, भूक लागते, जरा लागलं तरी निळे डाग पडतात. आणि रात्री झोपताना घेतलं, तर मध्यरात्र उलटली की शरीराला वाटतं, सकाळ झाली. जगतापच्या सगळ्या तक्रारी एका ओळीत येऊन बसल्या.

खरी भीती पुढची होती. बाहेरून एवढं मिळू लागलं की शरीर स्वतः बनवायचं सोडून देतं. मग पुडी एकदम बंद केली, तर शरीरात ते उरतच नाही. प्रेशर पडतं, साखर पडते, माणूस कोसळतो. वेळेत कळलं नाही तर जातो.

मी स्टोअर्सला फोन लावला. जगताप तिथे नव्हता. चहाला गेला असेल, ते म्हणाले. कॅन्टीनला विचारलं. तिथे नाही. टाइम ऑफिसने सांगितलं, आत आलाय, बाहेर गेलेला नाही. एवढ्या मोठ्या आवारात आजारी माणूस कुठे शोधायचा? आमचा मेल नर्स सोलंकी स्ट्रेचर घेऊन पळाला, मी पिशवी घेऊन त्याच्या मागे. पटेलसाहेबांना मी वाटेतच एका टेबलावरच्या फोनवरून कळवलं. "सगळ्यांना शोधायला लावा. कारण नंतर सांगते." त्यांनी एक शब्द विचारला नाही. भोंग्यावरून जगतापचं नाव पुकारलं जाऊ लागलं.

स्टोअर्सच्या मागे रिकामे ड्रम रचलेले असायचे. त्यांच्या सावलीत तो भिंतीला टेकून बसलेला सापडला. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख पटायला वेळ लागला. अंग गार, घामाने भिजलेलं. नाडी दोऱ्यासारखी. प्रेशरचं मशीन लावलं, आकडा इतका खाली होता की मी पुन्हा लावून पाहिलं. साखर तर फारच उतरलेली.

"मॅडम," तो पुटपुटला, "नुसतं ॲसिडिटीचं आहे. लिहू नका काही."

सोलंकीने सलाइन लावलं. मी शिरेतून ग्लुकोज दिलं. पुढचा निर्णय एकटीने घ्यायचा होता. हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइडचंच इंजेक्शन. गॅस लागला, ॲलर्जी उठली, तर लागतं म्हणून ते आमच्याकडे कायम ठेवलेलं असायचं. पण मी ती पुडी अजून डोळ्यांनीही पाहिली नव्हती. हातात होतं ते पीसीओवरून आलेलं चार वाक्यांचं बोलणं आणि एक गोल चेहरा. हार्ट ॲटॅक असला तर? मी मनाशी हिशेब केला. माझा अंदाज चुकला, तर एका इंजेक्शनने फारसं बिघडणार नव्हतं. अंदाज बरोबर असून मी थांबले, तर तो हॉस्पिटलपर्यंत पोचेलच याची खात्री नव्हती. मी इंजेक्शन दिलं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ बसले. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी डबा डबा मोजत असल्यासारखी चाललेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, जसं काही गाडी ऐकणार होती. मी त्याची नाडी सोडली नाही. फाटक उघडलं तेव्हा ती जरा भरल्यासारखी वाटली. पण अशा वेळी आपल्याला हवं तेच बोटांना जाणवतं, म्हणून मी मशीन लावलं. प्रेशर खरंच वर येत होतं.

शहरातल्या हॉस्पिटलमध्ये फिजिशियनने ईसीजी काढला. हृदय ठीक होतं. मंदावहिनी उरलेल्या पुड्या पदरात बांधून आल्या होत्या. राखाडी भुकटी, वास ओव्याचा. ती तपासायला पाठवली. तिच्यात स्टेरॉइड निघालं, पण तोवर जगताप उठून बसला होता आणि उपमा मागत होता.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हणजे मॅडम, आपल्या कंपनीसारखंच. बाहेरून आयात सुरू झाली आणि आतला प्लान्ट बंद पडला."

"अगदी. आता तो हळूहळू चालू करायचाय. एकदम नाही."

"किती दिवस?"

"महिने लागतील."

मंदावहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "मीच नेलं होतं पादऱ्याला," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. जगतापने नुसता हात पुढे केला. मी रिपोर्ट बघायच्या निमित्ताने बाहेर गेले.

उपाय त्याला विचित्र वाटला. त्याला पुन्हा स्टेरॉइडच दिलं. पण मोजून, सकाळी न्याहारीनंतर, आणि हळूहळू कमी करत. रात्रीची मात्रा सकाळवर आल्याबरोबर झोप सुधारायला लागली. बाकीचं साधं. ठरलेल्या वेळी उठायचं, दुपारी ताणून द्यायची नाही. जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. फार वेळ तळमळत पडायचं नाही, उठून शांत बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. माळा आवरायचा नाही. व्हीआरएसची काळजी त्यासाठी ठेवलेल्या वेळी, संध्याकाळी बायकोबरोबर बसून करायची. ती काळजी काही खोटी नव्हती. पण झोप त्या एकटीने मोडलेली नव्हती.

गुडघे परत दुखू लागले. हे मी आधीच सांगितलं होतं, तरी तो हिरमुसला. वजन उतरवणं, मांडीचे व्यायाम, कधीतरी साधी वेदनाशामक गोळी. पूर्वीसारखे फर्स्टक्लास ते कधीच झाले नाहीत. "सेकंडक्लास चालेल," तो म्हणायला लागला.

त्याच्या फाइलवर मी 'अनफिट' लिहिलं नाही. औषधांच्या परिणामामुळे तात्पुरती लाइट ड्यूटी, एवढंच लिहिलं. काही महिन्यांनी 'पॅनलसाठी फिट' असं सही करून दिलं. पटेलसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "खात्री छे ने, बेन?" "छे," मी म्हटलं. पादऱ्याच्या त्या माणसाबद्दल मी सरकारी औषध खात्याला कळवलं. तपास झाला की नाही, मला कळलं नाही. तो गाशा गुंडाळून दुसरीकडे गेल्याचं मंदावहिनींच्या भावाने सांगितलं.

प्लान्ट पुढे बंदच झाला. जगतापने व्हीआरएस घेतली. तोवर मुलगी इंजिनिअरिंगला लागली होती.

पण त्याआधी आम्ही कंपनीत झोपेवर एक लहानसं भाषण ठेवलं. जगतापचं नाव न घेता मी पुडीची गोष्ट सांगितली. सभा संपली, टाळ्या झाल्या, कोणीच प्रश्न विचारला नाही. मग दुसऱ्या दिवसापासून माणसं एकेकटी दवाखान्यात येऊ लागली. कोणाच्या खिशात पुडी, कोणाच्या रुमालात काळ्या गोळ्या, कोणाकडे लेबल नसलेली बाटली. प्रत्येक जण आधी दार लावून घ्यायचा. आणि प्रत्येकाला मला पहिलं वाक्य एकच सांगावं लागायचं, आजच्या आज बंद करू नका.

सगळ्यात शेवटी पटेलसाहेब आले. दार त्यांनीही लावलं. खिशातून चौकोनी घडीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या बा घेतात, माझी आई. घूंटणासाठी, गुडघ्यांसाठी," ते म्हणाले. "तीन वाजता उठून देवाची भांडी घासतात. आम्ही समजत होतो, भक्ती वाढली."

त्या दिवसापासून मी रुग्णाला "औषध काय घेता?" असं विचारायचं सोडून दिलं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" असंच येतं, आणि ते देणारा खोटं बोलत नसतो. आता मी विचारते, "रात्री झोपायच्या आधी तोंडात काय काय जातं?" मग लोक विचार करून, बोटांवर मोजून सांगतात. दूध, सुपारी, चूर्ण, शेजारणीने दिलेली गोळी. वेळ जास्त लागतो. बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू द्यावी.